रिकाम्या पाटीची भवानी

एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीमागे मी इतकी वर्षं बसते आहे, की समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला कुठे जायचंय ते मला कळतं. गणपतीपुळ्याला जाणारे नवी कोरी टोपी घालून येतात आणि गाडी समोर उभी असताना गाडी कुठे लागते असं विचारतात. केळशीचा माणूस आधी पिशवी खाली ठेवतो, घाम पुसतो आणि मग बोलतो. सगळ्यांना मी मार्गाला लावते. पण स्वतःच्या बापाला घराची पायरी कशी उतरायला लावायची, ते मात्र मला काही केल्या जमत नव्हतं.

आई गेली आणि बाबा मागच्या पडवीत जाऊन बसले, ते बसलेच. आयुष्यभर तांडेल होते ते, म्हणजे बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा समुद्र सुटला, पण आई होती तोवर रोज संध्याकाळी जेटीवर जायचे आणि नव्या तांडेलांना कुणी न विचारता सल्ले देऊन यायचे. ती गेल्यावर तेही बंद. जेटी नाही, देऊळ नाही, दाढी करायलासुद्धा न्हाव्याला घरी बोलवावं लागे. मी लवकर चिडते, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा मी तोंडावरच म्हटलं, "बाबा, आई गेली. तुम्ही नाही गेलात." ते शांतपणे म्हणाले, "भायेर गेलं की लोक मान हलवतात. 'अरेरे' म्हणतात. मला नको ता." मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी आणखीच चिडले.

खरं सांगायचं तर चिडण्यापेक्षा भीती जास्त होती. हा माणूस असाच पडवीत बसून संपून जाईल, आणि मी खिडकीत बसून लोकांना फलाट सांगत राहीन, याची.

आईचं दुखणं बरं होणारं नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या असं सांगितलं, तेव्हा आमच्याकडे येऊ लागली ती इथलीच एक लहानशी मंडळी. एक डॉक्टरबाई, दोन सिस्टर आणि एक स्कूटर. आजार जाणार नसेल तर निदान दुखणं तरी कमी करायचं, आणि माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत राहू द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यामुळे आई शेवटचे महिने पुढच्या पडवीत उशीला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडू शकली. यापेक्षा मोठं औषध तिच्यासाठी कुठलंच नव्हतं. धाकटी सिस्टर कोल्हापूरकडची. तिला बांगडा आणि सुरमई यांतला फरक कळत नाही हे समजल्यावर आईला स्वतःच्या आजारापेक्षा तिचीच काळजी वाटू लागली. गोळ्या घेतानासुद्धा आई भाव करायची. "दोन कशाला, एक दे. उद्या येशीलच ना." सिस्टर हुशार निघाली. ती आधी तीन सांगायची आणि मग दोनवर यायची.

त्याच डॉक्टरबाईंनी यंदा वॉक काढायचं ठरवलं. मोर्चा म्हटलं की पोलीस येतात आणि फेरी म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते, म्हणून वॉक. गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी त्यांच्या घरच्यांनी चालायचं, आणि वाटेत जमतील ते पैसे स्कूटरच्या पेट्रोलसाठी, औषधांसाठी आणि ज्यांना घरच नाही अशा आजाऱ्यांच्या चार खाटांसाठी. मांडवीहून निघायचं, पूल ओलांडायचा आणि भाट्याच्या वाळूवर थांबायचं. सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, हातात आपल्या माणसाचा फोटो धरायचा आणि मुकाट्याने चालायचं.

"रविवारी सकाळी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग आमच्याकडचं कुणी येणार नाही. रविवारी गावाला मासे लागतात."

तोडगा काढला मावशीने. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नव्हे. दोघी जन्मभर एकाच जेटीवर माशांची पाटी भरायच्या आणि विकायला जोडीने निघायच्या, म्हणून मावशी. तिने कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्या रविवारी संकष्टी हाय. त्या दिवशी म्हावरं कोन घेतंय? आमी सगळ्या रिकाम्या." माशाचा धंदा करणाऱ्या बायकांना कुठल्या वाराला कुणाच्या घरी काय चालत नाही, हे पंचांगापेक्षा आधी ठाऊक असतं. वॉकची तारीख अशी ठरली.

बाबांना मी सांगून पाहिलं, सिस्टरने घरी येऊन सांगून पाहिलं. ते नाही म्हणाले. रागाने नव्हे, अगदी गोड आवाजात नाही म्हणाले, त्यामुळे पुढे बोलायची सोयच राहिली नाही. त्या रविवारी सकाळी मी एकटीच आईचा फोटो घेऊन निघणार होते. फोटोही धड नव्हता. तिचा एकच बरा फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात ती तोंड उघडून वाढप्याला काहीतरी सुनावते आहे.

एवढ्यात मावशी दारात आली. मागे आणखी सहा-सात जणी. पांढऱ्या कपड्यांचा निरोप त्यांनी ऐकला असावा आणि तिथेच सोडून दिला असावा. कुणी पोपटी, कुणी राणी रंगात, केसांत अबोलीचे गजरे, अंगावर होतं नव्हतं ते सोनं, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी पाटी.

"पाटी कशाला गो मावशी?" मी विचारलं.

"रिकाम्या डोक्यानं चालायची सवय नाय. मान कशी ठेवायची ताच कळत नाय," ती म्हणाली आणि सरळ मागच्या पडवीत गेली. तिथे खुंटीवर आईची पाटी टांगलेली असते. कड सुटली होती ती बाबांनीच कधीतरी जाळ्याच्या निळ्या दोरीने शिवून दिलेली. मावशी म्हणाली, "हिची पाटी पन आमच्यासंगती येनार. काढा, भावजी."

"कोन घेनार ती?" बाबा म्हणाले.

"मी घेईन. माझी पाटी हिच्या पोटात बसंल."

"कुनी हात लावायचा नाय तिला."

"मग तुमी घ्या."

"बाप्या मानूस पाटी घेतो काय?"

आमच्याकडे ही वाटणी जुनी आहे. मासा जेटीला लागेपर्यंत पुरुषाचा, जेटीवर उतरला की बाईचा. पुढे तो कुठे जातो, किती भावाने जातो, कुणाच्या कढईत पडतो, हे पुरुष विचारत नाही. बाबांनीही उभ्या आयुष्यात विचारलं नव्हतं. मावशी खुंटीकडे हात लांबवत म्हणाली, "डोक्यावर नको, काखेत धरा. नायतर बसा हितंच, मी घेऊन जाते." आणि बाबा उठले. पाटी तिच्या हातात जाऊ नये एवढ्यासाठीच उठले, यात मला शंका नाही. मी त्यांची चप्पल पुढे सरकवली आणि एक अक्षर बोलले नाही. माझ्यासाठी हा विक्रमच होता.

मांडवीवर बरीच माणसं जमली होती. पांढऱ्या कपड्यांत, फोटो धरून, गंभीर. डॉक्टरबाईंनी दोन शब्द बोलून एक मिनिट शांतता पाळायला सांगितली आणि वॉक निघाला. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. पण आमच्या बायकांना हळू चालता येत नाही. मासा थांबत नाही, ऊन थांबत नाही, म्हणून जन्मात त्या कधी हळू चाललेल्याच नाहीत. बघता बघता त्यांनी फोटोवाल्यांना मागे टाकलं, मग बॅनरवाल्या मुलींना मागे टाकलं, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन झपाझप चालू लागल्या. बाबा त्यांच्या मधोमध. पाटी पाट्यांबरोबरच जाणार, असा मावशीचा हुकूम होता. गुडघ्यांची तक्रार करायलाही त्यांना उसंत मिळाली नाही.

आणि मग त्या डावीकडे वळल्या.

रस्ता सरळ पुलाकडे जात होता. बॅनर सरळ, स्वयंसेवक सरळ हात दाखवत उभे. पण डावीकडे आईची आळी होती, ती रोज मासे घेऊन जायची ती. मावशी तिच्याबरोबर या कोपऱ्यापर्यंत यायची आणि इथून दोघींच्या वाटा फुटायच्या. कुणी ठरवलं नव्हतं. नंतर मावशीला विचारलं तर म्हणाली, "पाय वळले, मी काय करू?" पुढचे वळले म्हणून मागचे वळले. फोटोवाले, पांढरे कपडेवाले, सगळा वॉक त्या अरुंद आळीत शिरला. मागून डॉक्टरबाई स्कूटरवर "अहो, रस्ता तो नाही" असं सांगत येत होत्या, पण त्यांना पुढे यायला जागाच नव्हती.

आळीत शिरल्यावर मावशीच्या तोंडून सवयीने हाळी गेली. "म्हावरं घ्याऽऽ." तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता. धडाधड दारं उघडली.

पहिल्या घरातून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, चष्मा कपाळावर, आणि हातात ताट. मासे घ्यायचं ताट. मागून त्यांची सून धावत आली. "आई, काय करताय? आज संकष्टी आहे. तुमचा उपास आहे." बाईंनी ताटाकडे पाहिलं, मग आळीभर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर बाबांच्या काखेतल्या पाटीवर थांबली. निळी दोरी त्यांनी ओळखली.

"ही तिची पाटी," त्या म्हणाल्या.

"होय," बाबा म्हणाले. "मी तिचा घरवाला."

"आत काय आहे?"

बाबांनी खरोखरच पाटीत वाकून पाहिलं. "काय नाय."

मला वाटलं, आता ही बाई मान हलवणार, अरेरे म्हणणार, आणि बाबा इथूनच मागे फिरतील. मी पुढे व्हायला लागले. पण बाईंनी मान हलवली नाही. त्या चक्क रागावल्या. "मग रिकामी पाटी घेऊन माझ्या दारात आलात? इतक्या वर्षांत तिने कधी असं केलं नाही हो."

बाबा ताठ उभे राहिले. आई गेल्यापासून त्यांना कुणी ओरडलं नव्हतं. मी चिडायचे, पण माझं चिडणं त्यांच्या सवयीचं होतं. हे वेगळं होतं. "चुकलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

मग बाई पायरीवर बसल्या आणि बोलत सुटल्या. "रोज भांडायचो आम्ही. ती पाटी उतरवायची, मी मासा उचलून बघायची आणि म्हणायची, शिळा आहे. ती म्हणायची, मग नको घेऊ. पाटी उचलायची, दोन पावलं जायची आणि पाठ करून उभी राहायची. मी हाक मारेपर्यंत हलायची नाही. मग यायची मागे. एक दिवस चुकला नाही. ताप असला तरी भांडून जायची." बोलता बोलता त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक नोट काढली आणि पाटीत टाकली. "घ्या. रिकामी पाटी बरी दिसत नाही. तुमची भवानी."

बाबांनी नोट उचलली, पाटीच्या कडेला लावली, कपाळाला लावली आणि परत ठेवली. आईला असं करताना त्यांनी कधी पाहिलं असेल कोण जाणे. पण मावशीने कपाळावर हात मारला. "काय केलात हो, भावजी? भवानी घेतलीत."

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. त्याचे पैसे कपाळाला लावले की सौदा झाला. त्याला माल दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर धंद्याला बरकत राहत नाही, असं आमच्या बायका मानतात. आणि पाटीत तर एक शेपूटसुद्धा नव्हतं. एव्हाना डॉक्टरबाई स्कूटर सोडून पायी तिथे पोचल्या होत्या. त्यांनी समजावलं की हे मासे विकणं नाही, ही देणगी आहे, बाईंना रीतसर पावती मिळेल.

"पावती तळून खाऊ का?" बाई म्हणाल्या. "उद्या बांगडे आणा."

"उद्या सोमवार, आई," सून म्हणाली.

"सोमवार मी पाळत नाही. संकष्टी एवढी पुरे."

बाबा मावशीकडे बघून म्हणाले, "भवानी घेतली ना. माल द्यायला लागनार." आणि पुढे चालू लागले.

मग ती आळी कशी सरली, मला नीट आठवत नाही. आठवतात ती माणसं. कुणी ताटं घेऊन, कुणी वाटीत सुटे पैसे घेऊन, कुणी नुसतेच बघायला बाहेर आलेले. एका घरात आई रोज चहा प्यायची आणि चहा पाणचट आहे असं रोज सांगायची. एका घरातल्या मुलीला तिने बांगडा साफ करायला शिकवलं होतं, आणि ती मुलगी आता इंजिनियर होऊन पुण्याला गेली तरी फोनवर विचारायची, मासेवाल्या आज्जी काय म्हणतात. आणि दर दोन घरांआड कुणीतरी बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारायचं, "म्हणजे तांडेल तुम्हीच?"

बाबांना समजेना. मग एका आजोबांनी उलगडा केला. "अहो, ती प्रत्येक मासा तुमच्या नावाने विकायची. माझ्या तांडेलाने आणलाय, हात लावून बघा म्हणायची. वादळातनं बोट कशी आणलीत, कुठल्या वाऱ्याला काय केलंत, सगळं आम्हाला पाठ आहे."

"मी तर कवाच समुद्र सोडला," बाबा म्हणाले.

"तुम्ही सोडला असेल. तिने नव्हता सोडला. अगदी आजारी पडेपर्यंत बांगडा तुमच्याच बोटीचा असायचा."

घरी आईने त्यांना कधी धड चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. जेवताना मासा कसा झालाय विचारलं तरी, खायला काय जातंय तुमचं, असं म्हणायची. बाबांनी पाटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाले, "खोटारडी मेली." आणि हसले. मोठ्याने हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्याबरोबर ते आजोबा हसले, बायका हसल्या, फोटो छातीशी धरून आलेले पांढऱ्या कपड्यांतले लोकही हसले. मला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

पुलावर पोचेपर्यंत पाटी सुट्या पैशांनी जड झाली होती. काखेत धरवेना. मावशीने न विचारता आपली कापडाची चुंबळ काढून बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि आम्ही दोघींनी मिळून पाटी वर चढवली. खाडीवरून वारा भणाणत होता. बाप्या माणूस, डोक्यावर पाटी, एका हाताने ती सावरत आणि दुसऱ्या हाताने धोतर सांभाळत, भाट्याच्या पुलावरून चालला होता. "मान ताठ, भावजी, बोटीवर उभे राहता तसे," मावशी मागून शिकवत होती. खाली होडीतला एकजण ओरडला, "तांडेल, काय भाव?" बाबा ओरडले, "तुला परवडनार नाय."

वाळूवर डॉक्टरबाईंनी सरबत तयार ठेवलं होतं. शांततेत संपायचा कार्यक्रम इतक्या गोंगाटात संपला की कुणाला भाषण करताच आलं नाही. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रस्ता तुम्हीच ठरवा." मी म्हटलं, "आम्ही ठरवत नाही, पाय ठरवतात." धाकटी सिस्टर पाटीशेजारी बसून आईचा तो लग्नातला फोटो बघत होती. तिला तो फार आवडला. ती म्हणाली, "अगदी अशीच बोलायची."

घरी आल्यावर बाबा पुन्हा पडवीत बसले, तेव्हा माझा धीर सुटला. एवढं सगळं होऊन परत तेच. पण जेवताना त्यांनी विचारलं, "बांगडा आजकाल कुनाच्या बोटीला लागतोय?" मी सांगितलं. "पाय दुखतायत काय?" मी विचारलं. "दुखतायत," ते म्हणाले आणि भात घेतला.

सकाळी उठले तर खुंटी रिकामी. दाराची कडी काढलेली. मी तशीच जेटीकडे धावले. तिथे लिलावाच्या घोळक्यात, बायकांच्या मधोमध, बाबा उभे होते आणि मासे विकत घेत होते. ज्या तांडेलांना त्यांनी शिकवलं त्यांच्याकडून, घासाघीस करून. मावशी त्यांना मध्येच कोपराने ढोसून जास्त बोलू नका म्हणून सांगत होती. ते ऐकत नव्हते. पाटीत बांगडे पडले, निळेहिरवे, ताठ. त्यांनी स्वतः चुंबळ बांधली.

मी खिडकीवर उशिरा पोचले तरी चालेल असं ठरवून त्यांच्या मागे गेले. आळीच्या तोंडाशी त्यांनी घसा साफ केला, पण हाळी काही त्यांच्या तोंडून निघेना. गरजही पडली नाही. बाई ताट घेऊन पायरीवर बसल्याच होत्या. बाबांनी पाटी उतरवली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला, वास घेतला आणि म्हणाल्या, "शिळा आहे."

बाबांचा चेहरा एकदम लाल झाला. तांडेलाला असं कुणी बोललं नसेल. मला वाटलं, आता भांडण. मग त्यांनी पाटी उचलली, डोक्यावर ठेवली, दोन पावलं गेले, आणि बाईंकडे पाठ करून उभे राहिले. मी पुढून बघत होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि ते वाट बघत होते.

बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग आईला रोज मारायच्या तशीच हाक मारली.

"अगो, ये मागे. रुसतेस काय."

"आलो," बाबा म्हणाले, आणि मागे फिरले.